गाडीला पेट्रोलचा वास येतोय? आधी झाकण बघा, मग कोळशाचा डबा

या पानावर मी एरवी हुमणी, बोंडअळी नाहीतर ठिबकचे तुंबलेले फिल्टर यांच्याबद्दल लिहितो. आज चारचाकीबद्दल लिहितोय म्हणून काहीजण म्हणतील, साहेबांना आता गॅरेज काढायचंय की काय! तसं काही नाही. कृषी पदविकेच्या अभ्यासक्रमात इंजिन म्हणजे डिझेल पंप आणि ट्रॅक्टर एवढंच शिकवलं जायचं. पेट्रोल गाडीचं मला जे समजलं, ते स्वतःच्या गाडीवर ठेच खाऊन समजलं. तरीही हे लिहायला हवं असं वाटलं, कारण गावोगाव फिरताना अलीकडे एक गोष्ट सारखी दिसते. घरात जुनी पेट्रोल गाडी आलेली असते. ती पडवीत, नाहीतर गोठ्याला लागून काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. शेजारी कडब्याची गंज किंवा सोयाबीनच्या भुसकटाची पोती असतात. आणि आठ-दहा फुटांवर पहाटे आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटतो.

अशा शेडमध्ये शिरल्यावर पेट्रोलचा वास आला आणि मी विचारलं, तर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘पेट्रोलची गाडी म्हटल्यावर वास येणारच की!’

नाही. चांगल्या स्थितीतल्या गाडीला उभ्या जागी पेट्रोलचा वास येत नाही. टाकी भरताना येतो, तोही क्षणभर. घरी उभ्या गाडीला वास येत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती थेंबाची असेल, नाहीतर वाफेची असेल. थेंबाची दिसते, म्हणून माणूस धावपळ करतो. वाफेची दिसत नाही, म्हणून ती वर्ष-दोन वर्षं तशीच चालू राहते.

माझीच गोष्ट सांगतो. २०२१ च्या दिवाळीत मी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. हिवाळा छान गेला. मार्चमध्ये उन्हं तापली तशी आई म्हणायला लागली, ‘अरे, दुपारचा गाडीपाशी रॉकेलसारखा वास येतोय.’ मी मनावर घेतलं नाही. पीयूसी काढली, पास झाली. कागद आईला दाखवला आणि म्हणालो, बघ, गाडी एकदम ओके आहे. कागद कशाचा आहे हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. पीयूसीत धुराड्यातून काय बाहेर पडतं तेवढंच मोजतात. बंद गाडीच्या टाकीतून, नळ्यांतून काय सुटतं याच्याशी त्या मशीनचा काही संबंध नाही.

वास वाढला तेव्हा एका मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडीखाली डोकं घातलं, एक नळी कापली आणि टाकीकडच्या तोंडात बोल्ट ठोकून वर क्लिप आवळली. ‘हे कंपनीवाले नको तिथे डबडी बसवतात, साहेब. काही कामाचं नसतं. आता वास आला तर मला सांगा.’ आणि खरंच वास गेला! मी खुशीत पैसे देऊन घरी आलो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी अवकाळीच्या पंचनाम्यासाठी सकाळपासून फिरत होतो. वीस-बावीस किलोमीटर गेल्यावर गाडी आचके द्यायला लागली आणि माळरानावर बंद पडली. सेल्फ मारून मारून बॅटरी थकली. पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर ‘सुस्स्’ करून हवा आत ओढली गेली. बाटली रिकामी करताना आपण तोंड लावून हवा ओढली तर ती कशी चिपडते, तशी टाकीची अवस्था झाली होती. झाकण लावलं, पाच मिनिटं थांबलो, गाडी सुरू झाली. पुन्हा वीस किलोमीटरवर तोच प्रकार. त्या दिवशी दर गावाच्या वेशीवर मी झाकण उघडत घरी पोहोचलो. लोकांना वाटलं, साहेब पेट्रोल मोजतायत.

शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका वयस्कर फिटरने बिघाड शोधला. बोल्ट काढला, नळीचा पुढचा तुकडा हातात घेऊन उजेडात धरला. नळीला तांदळाएवढी दोन भोकं होती, कडेला दातांच्या खुणा. उंदीर! शेजारच्या उसाला तोड आली की रानातले उंदीर वस्तीकडे सरकतात, हे मी दरवर्षी शेतकऱ्यांना सांगतो. ते माझ्याच गाडीत शिरले होते. वाफ त्या भोकातून सुटत होती. मेकॅनिकने भोक शोधायच्या ऐवजी टाकीचा श्वासच कोंडला. आणि आधीच्या मालकाने बसवलेलं बाजारातलं साधं झाकण असल्यामुळे त्यातूनही हवा आत जायला वाट नव्हती. नवी नळी आणि चांगलं झाकण यांना जेवढे पैसे लागले, त्याहून जास्त मी आधीच्या फेऱ्यांत घालवले होते.

हा डबा करतो काय?

पेट्रोल उन्हात ठेवलं की उडतं हे आपण सगळे जाणतो. दुपारी टाकी तापली की आत वाफ धरते, दाब वाढतो. रात्री टाकी गार पडली, किंवा इंजिनने पेट्रोल ओढलं, की आत पोकळी होते. म्हणजे टाकीला श्वास घ्यायला आणि सोडायला वाट पाहिजे. पूर्वीच्या गाड्यांना झाकणालाच बारीक भोक असायचं. वाफ सरळ हवेत जायची. नंतरच्या गाड्यांत ही वाफ एका नळीने काळ्या प्लास्टिकच्या डब्यात नेली. गॅरेजवाले त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत कोळसा असतो. पण आपल्या चुलीतला नाही, खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला. लाकडापासून, नारळाच्या करवंटीपासून असा कोळसा बनवतात. त्याच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की आतला सगळा पृष्ठभाग उलगडून मांडला तर आठ-दहा गुंठे जमीन झाकेल. त्या पृष्ठभागाला पेट्रोलची वाफ चिकटून राहते.

आता डबा भरला की काय? इंजिन सुरू होऊन तापलं की इंजिन आणि डबा यांच्यामधला एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडझाप करायला लागतो. त्याला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन स्वतःच्या ओढीने डब्यातून हवा खेचतं. डब्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेरची ताजी हवा आत येते, कोळशाला चिकटलेली वाफ सोडवून नेते आणि ती इंजिनात जळते. डबा रिकामा, पुढच्या दुपारसाठी तयार. म्हणजे उडून जाणारं पेट्रोल तुम्हालाच परत मिळतं. याला डबडं कसं म्हणायचं?

आपल्याकडच्या नियमानुसार नवी पेट्रोल गाडी बंद खोलीत ठेवून चाचणी घेतात. त्या पूर्ण चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सुटलेली चालत नाही. २ ग्रॅम पेट्रोल म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण अर्धा भाग. कारखान्यातून गाडी इतकी घट्ट निघते. पुढे तिला ढिली करतो आपण, आपले रस्ते आणि आपले उंदीर.

ही कल्पना निघाली मात्र शेतातून, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास १९४० च्या दशकात पालेभाज्यांची पानं विचित्र करपायला लागली. रोग नाही, कीड नाही, पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी किंवा तांबूस चकाकी यायची आणि पान वाळायचं. तिथल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्याआधी ते अननसाच्या वासावर संशोधन करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पालक, बीट, ओट, लसूणघास अशी पिकं बंद कोठीत ठेवली आणि त्यांच्यावर ओझोनबरोबर पेट्रोलची वाफ सोडली. पानांवर शेतातल्यासारखाच करपा उमटला. हे काम १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं. गाड्यांच्या धुरातले वायू, न जळलेली पेट्रोलची वाफ आणि कडक ऊन एकत्र आलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो पिकाला मारतो, हे त्यातून जगाला कळलं. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि सगळ्या अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून गाड्यांना वाफ पकडणारी व्यवस्था सक्तीची झाली. गहू आणि सोयाबीन ही पिकंसुद्धा ओझोनला नाजूक आहेत. तुमच्या एका गाडीने तुमचा गहू करपेल असं मी म्हणत नाही. पण हा विषय शेतीच्या पानावर अगदीच उपरा नाही, एवढंच.

तपासणी: आधी विस्तव लांब

पहिली गोष्ट. वास शोधायला निघताना बिडी-काडी खिशातसुद्धा ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि मोरीत साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या जवळ गेलं की ठिणगी पुरते. आणि थंडीत वाफ होत नाही असंही समजू नये, शून्याखाली ४० अंशांपर्यंतसुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणून गाडी उघड्यावर काढावी, बंब विझवलेला असावा, उजेडाला बॅटरी घ्यावी. वायरचा लोंबता बल्ब गाडीखाली नेऊ नये. फुटला की संपलं.

दुसरी गोष्ट. खाली ओलं दिसलं, थेंब दिसला, किंवा नळीवर ताजा डाग दिसला, तर तपासणी तिथेच थांबवावी. ती वाफेची गळती नव्हे, पेट्रोलची आहे. गाडी सुरू न करता मेकॅनिकला जागेवर बोलवावं.

ओलं काही नसेल तर नाक वापरायचं. सकाळी गार गाडीपाशी एकदा आणि दुपारी दोन तास उन्हात उभी राहिल्यावर एकदा, अशा दोन फेऱ्या माराव्यात. मागच्या चाकापाशी वास जास्त आहे, झाकणापाशी आहे, की बॉनेट उघडल्यावर येतो, हे नीट ठरवावं. घरातल्या बाईमाणसांना विचारावं. तंबाखू-बिडीने आपली नाकं मेलेली असतात, त्यांची शाबूत असतात. माझ्या घरी आईला महिनाभर आधी कळलं होतं.

सुरुवात झाकणापासून करावी. फुकट आहे, आणि पुष्कळ वेळा दोष तिथेच सापडतो. झाकण काढून त्याचा रबरी वायसर बोटाने दाबून बघा. तो मऊ पाहिजे. कडक झालेला, चिरलेला किंवा एका बाजूला दबून चपटा झालेला असेल तर तो वाफ अडवत नाही. झाकण बसतं त्या नळीच्या तोंडाची कडा कोरड्या फडक्याने पुसा. तिथे मातीचा थर असेल, गंज असेल, ठोकर लागून कडा वाकली असेल, तर नवं झाकणही बसणार नाही. झाकण फिरवताना ‘कट-कट’ आवाज येईपर्यंत फिरवायचं, ही सवय पेट्रोल पंपावरच्या पोराला नसते, आपल्याला पाहिजे. आणि झाकण बदललं तर त्याच गाडीचं घ्या. नुसता आटा बसला म्हणजे झालं असं नाही. चांगल्या झाकणात आतल्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. टाकीत पोकळी झाली तर तो हवा आत घेतो. माझ्या गाडीचं झाकण कसं होतं ते वर सांगितलंच.

पंपावरून आठवलं. आपल्याकडे पेट्रोल भरताना आकडा गोल करायची वाईट सवय आहे. टाकी भरली की नोझल आपोआप ‘टक्’ करून बंद पडतं. तिथे थांबायला हवं. पण मीटरवर एक हजार नऊशे त्र्याहत्तर दिसतात, मग पोरगा म्हणतो, ‘दोन हजार करू का?’ आपण म्हणतो, कर. तो गाडी हलवतो, दाबून दाबून पेट्रोल घालतो. टाकीत वाफेसाठी ठेवलेली मोकळी जागा भरून जाते आणि पातळ पेट्रोल नळीवाटे कोळशाच्या डब्यात शिरतं. कोळसा वाफेसाठी आहे, पेट्रोल प्यायला नाही. एकदा भिजला की त्याची ताकद जाते, कधी कधी कायमची. डबा महाग असतो. सुटे सत्तावीस रुपये वाचवायला हा उद्योग करू नये.

झाकणाच्या खालून टाकीकडे जाणारी जाड नळी आणि तिच्याजवळची बारीक नळी चाकाच्या कमानीमागे असते. तिथे चिखल साचतो. उसाच्या हंगामात रस्त्यावर जो राडा होतो, तो वाळून तिथे ढेकळासारखा बसतो. पाण्याने धुऊन काढा आणि लोखंडी भागावर गंज धरलाय का पाहा. रबरी नळीला हाताने हलकं वाकवून बघा. भेगा सरळ नळीत दिसत नाहीत, वाकवल्यावर तोंड उघडतात. प्रत्येक जोडावर क्लिप आहे ना, ती सरकलेली नाही ना, हे बघा. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या, भुशाचं घरटं, कुरतडलेल्या वायरी दिसल्या तर समजा, नळीही गेली. बदलताना पेट्रोलसाठीचीच नळी मागा. फवारणी पंपाची किंवा ठिबकची लेटरल बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पाण्याची नळी पेट्रोलात महिन्याभरात फुगते किंवा तडकते.

इथे इथेनॉलचाही विचार करावा लागतो. आपल्याच उसापासून, मक्यापासून तयार झालेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये येतं आणि २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठलं. शेतकरी म्हणून ही आपल्याला चांगली बातमी आहे. पण २०२३ च्या एप्रिलआधीच्या पुष्कळ गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नाहीत. गाडी पाडायचं कारण नाही. जुन्या गाडीचे वायसर आणि नळ्या वर्षातून दोनदा बघाव्यात आणि कडक-फुगलेले वाटले तर बदलावेत, इतकंच.

डबा, आणि कुंभारीण माशी

कोळशाचा डबा काही गाड्यांत बॉनेटखाली असतो, काहींत मागे टाकीजवळ. फुटलाय का, कान तुटलाय का, हे आधी बघा. खडबडीत रस्त्यावर दगड लागून फुटलेले डबे असतात. मेकॅनिककडून तो काढून घेतला तर हातात धरून हलवा. आत खडखड वाजलं, किंवा नळीच्या तोंडातून काळी भुकटी पडली, तर आतली जाळी तुटून कोळसा सुटलाय. ती भुकटी पुढे जाऊन पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि एकाचे दोन बिघाड होतात. डबा अंदाजापेक्षा जड लागला आणि तोंडातून पेट्रोल ठिबकलं तर तो भिजलाय.

या डब्याचं ताज्या हवेचं तोंड सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ते चिखलाने बुजतं, आणि आपल्याकडे आणखी एक उपद्रव आहे, कुंभारीण माशी. शेडमध्ये आठ दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या कुठल्याही नळीच्या तोंडात ती चिखलाचं घर बांधते. स्प्रिंकलरच्या नोझलमध्ये तुम्ही पाहिलीच असतील. हे हसण्यावारी नेऊ नका. २०११ साली माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत विकलेल्या सुमारे ६५ हजार मोटारी परत तपासायला बोलावल्या, कारण एक पिवळी कोळी-जात नेमकी या हवेच्या नळीत जाळं विणत होती. नळी बुजली की टाकीत पोकळी होऊन टाकीला तडा जाण्याचा धोका होता. २०१४ मध्ये पुन्हा ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. एवढ्याशा कोळ्याने जर एवढ्या मोठ्या कंपनीला दमवलं, तर आपली माशी काय कमी आहे!

ही नळी बुजली आहे हे कसं ओळखावं? झाकण उघडताना जोरात फुसकारा येतो, आत किंवा बाहेर. पंपावर पेट्रोल भरताना टाकी रिकामी असूनही नोझल सारखं ‘टक्-टक्’ बंद पडतं. लांब पल्ल्यावर गाडी आचके देते आणि झाकण उघडलं की सुधारते. ही तिन्ही लक्षणं असतील तर इंजेक्टर साफ करायला पैसे देण्याआधी ही नळी साफ करून घ्या.

राहिला पर्ज व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला तर पेट्रोल भरून निघताना गाडी लवकर सुरू होत नाही, उभी असताना थरथरते, मिसिंग करते. बंद अडकला तर डबा रिकामा होत नाही आणि वास यायला लागतो. तपासायची सोपी रीत अशी. गाडी रात्रभर गार झालेली असावी. इंजिन सुरू करून व्हॉल्व्हची डब्याकडची नळी काढायची आणि त्या तोंडावर बोट ठेवायचं. गार इंजिनाला तिथे ओढ लागता कामा नये. सुरुवातीपासून जोरात ओढ असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. हे करताना पंख्यापासून हात लांब, आणि गळ्यातलं उपरणं काढून ठेवा.

व्हॉल्व्ह गाडीतून काढला तर तोंडाने फुंकून किंवा ओढून बघायची गॅरेजमध्ये पद्धत आहे. कृपा करून ती करू नका. पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असतं, ते कर्करोगाला कारण ठरतं. त्यापेक्षा जनावरांच्या औषधाची मोठी सिरींज घ्या, तिला नळीचा तुकडा लावा आणि दट्ट्या ओढा. वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंद असतो. म्हणून दट्ट्या अडला पाहिजे आणि सोडल्यावर मागे गेला पाहिजे. सहज ओढला गेला तर व्हॉल्व्ह खराब. ती सिरींज मात्र नंतर फोडून टाका. चुकून परत गोठ्यात गेली तर नवीनच संकट!

काहीजण म्हणतील, एवढं कशाला, नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो, बिघाड झाला तर पिवळा दिवा लागेल. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्या स्वतःच गळती तपासतात, एक मिलिमीटरच्या भोकासुद्धा दिवा लागतो. आपल्या पुष्कळ गाड्यांत मात्र कॉम्प्युटर फक्त पर्ज व्हॉल्व्हची वायर जोडलेली आहे का, एवढंच पाहतो. नळीला भोक पडलं, झाकण ढिलं राहिलं, तर त्याला पत्ता नसतो. म्हणून दिवा नाही म्हणजे गळती नाही असं समजू नये. दिवा लागलाच तर स्कॅनर लावून मिळालेला नंबर कागदावर लिहून घ्या. पी ०४४३ किंवा ०४४४ असेल तर वायर-व्हॉल्व्हचा भाग, ०४४२ म्हणजे छोटी गळती, ०४५५ म्हणजे मोठी. मोठी गळती लिहून आली तर आधी झाकण घट्ट लावलंय का बघा, मगच पुढचा खर्च.

सगळं बघूनही वास जात नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या गॅरेजमध्ये धुराची चाचणी करतात. नळ्यांमध्ये अगदी हलक्या दाबाने पांढरा धूर सोडतात, भोक असेल तिथून धुराची रेघ निघते. गावात काही हुशार मंडळी त्याऐवजी टायरची हवा मारतात. टायरमध्ये आपण ३०-३२ हवा भरतो. या नळ्यांना त्या मापाची १ सुद्धा पुष्कळ होते. टायरची हवा मारली तर नसलेली गळती तयार होईल. साबणाच्या पाण्याचाही इथे फारसा उपयोग नाही. दाबच इतका कमी असतो की फुगे धरत नाहीत.

ग्रामसेवक, तलाठी मंडळींनाही एक सांगायचं. हा डबा फक्त चारचाकीला असतो असं नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मोटारसायकलींनाही तो असतो, सीटखाली किंवा इंजिनाच्या बाजूला. पहिल्याच सर्व्हिसिंगला बाहेरचा मेकॅनिक तो ‘अडचण’ म्हणून काढून ठेवतो आणि आपण विचारतही नाही. गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे, तो भाग वेगळा. पण ती गाडी आपण कार्यालयाच्या वऱ्हांड्यात दप्तराच्या कपाटाला टेकून लावतो! डिझेल गाड्या आणि ट्रॅक्टर यांना ही व्यवस्था नसते, डिझेल असं उडत नाही. तिथे वास आला तर तो सरळ गळतीचाच समजावा. आणि शेडमध्ये वास येतोय पण गाडीत काही सापडत नाही, तर कोपऱ्यातली ग्रास कटरच्या पेट्रोलची बाटली बघा. बूच नसलेली शीतपेयाची बाटली मला एका शेडमध्ये बरोबर बंबाच्या मागे सापडली होती.

माझी गाडी आता वास देत नाही. बंब मी घराच्या दुसऱ्या अंगाला हलवला, आईची कुरकुर झाली, पाणी लांबून आणावं लागतं म्हणून. उंदरांचा बंदोबस्त मात्र पुरता झालेला नाही. नळ्यांवर मी बारीक तारेची जाळी गुंडाळली आहे, गाडीखाली पिंजरा लावतो, आणि ऊसतोड सुरू झाली की आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघतो. यंदा पहिल्याच आठवड्यात बॅटरीच्या मागे भुशाचं अर्धवट घरटं सापडलं.